आतल्या लॅबचं कमिट

आमच्या कन्याशाळेच्या कॉम्प्युटर लॅबच्या आत जानेवारीत आणखी एक कॉम्प्युटर लॅब उगवली. दुधाचा दात पडायच्या आधीच मागून दुसरा येतो ना, तशी. शेवटच्या टेबलामागे जुने मॉनिटर रचून ठेवले होते, तिथल्या भिंतीला आधी फुगवटा आला. मग तो मऊ झाला. मग एका सोमवारी प्रार्थनेनंतर आम्ही वर गेलो, तर फुगवट्याला दार होतं. दार माझ्या कमरेएवढं, आणि त्याची कडी ओली.

हत्तुरे सरांनी चष्मा पुसला, वाकून आत पाहिलं आणि सरळ झाले.

"लॅब आहे," ते म्हणाले.

"कुणाची सर?"

"तिची तिची."

मीही वाकून पाहिलं. आमच्याकडे बारा कॉम्प्युटर, आतही बारा. आमच्या फळ्याचा डावा कोपरा उडालेला, आतल्याचाही उडालेला. फरक एवढाच, की आत सगळं लहान होतं आणि भिंती हिरड्यांच्या रंगाच्या होत्या. वास यायचा तो दिवाळीच्या सुट्टीत दप्तरात विसरलेल्या डब्याचा. मी भिंतीला एक बोट लावलं. बोट आत गेलं आणि भिंतीने ते हळूच परत दिलं. मी बोट स्कर्टला पुसलं, मग घरी जाऊन स्कर्ट दोनदा धुतला. शी!

आता कमिट म्हणजे काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

रोज चार चाळीसला, शाळा सुटायच्या आधी, सर लॅबच्या मधोमध उभे राहतात आणि म्हणतात, "हलू नका." आम्ही जशा असू तशा थांबतो. अर्ध्या मिनिटात सगळ्यांवर साय धरते. दुधावर धरते तशीच. तोंडावर, हातांवर, टेबलांवर, फळ्यावर. मग स्टीलची पट्टी घेऊन कपाळावर, जिथून केस सुरू होतात तिथे, सायीची कड उचलायची आणि एका ओढीत सगळी काढायची. दुखत नाही. फक्त कानामागे थोडी चिकटते आणि सुटताना पच् असा आवाज होतो. सगळ्या सायी एकावर एक घालून सर रजिस्टरएवढी घडी करतात, तिच्यावर सात अक्षरांचा नंबर लिहितात आणि घडी कपाटात ठेवतात. झालं त्या दिवसाचं कमिट. उद्या काही बिघडलं, तर आजची साय काढून अंगावर चढवायची, की तुम्ही पुन्हा आजच्या. ऋचा पाटणेचा पुढचा दात जिन्यावर तुटला, तेव्हा तिने आदल्या दिवसाची साय घातली. दात परत आला. त्या सकाळी पाठ केलेली कविता मात्र गेली.

"चालतंय की," ऋचा म्हणाली. "कविता काय, पुन्हा पाठ होते. दात होतोय का पाठ?"

शनिवारी शाळा सकाळची, म्हणून कमिट अकराला. मग टेम्पो येतो आणि आठवड्याच्या सगळ्या घड्या जिल्ह्याला घेऊन जातो. जिल्ह्याला गेलेलं परत येत नाही. तिथे जे पोचलं ते कायमचं.

दिवाळीनंतर सरांनी मला लॅबची मॉनिटर केलं. मी ईश्वरी गाडेकर, नववी ब. आठवीपर्यंत मी वर्गात तोंड उघडत नव्हते. आता उघडलं की मिटत नाही, असं आई म्हणते, आणि मला ते ऐकायला फार आवडतं. पट्टी माझ्या हातात आली तेव्हा सुरुवातीला मला मळमळायचं. तीस मुलींची कपाळं, तीस वेळा पच्. ऋचाची साय तेलकट असते, निघताना तिला मुरुमांची टोकं येतात. पण पंधरा दिवसांत मी सरांपेक्षा जलद झाले. एका ओढीत, कुठेही न फाटता. सर म्हणाले, "गाडेकर, हात चांगला आहे तुझा."

आतल्या लॅबची मॉनिटर शिरीन झाली. शिरीन मुलाणी माझी पहिलीपासूनची मैत्रीण. बाई प्रश्न विचारायच्या, शिरीन माझ्या पाठीमागून हळूच उत्तर सांगायची आणि मी ते मोठ्याने म्हणायचे, अशी आमची पद्धत. अंगानेही ती एवढीशी. त्या दारातून न घासता आत जाणारी ती एकटीच होती.

पहिल्याच दिवशी सरांनी नियम सांगितला.

"आतल्या लॅबचं कमिट आतली लॅब घेईल. तिची पट्टी वेगळी, तिचं कपाट वेगळं. आपण आतल्या सायीला हात लावायचा नाही. तिचं झालं की ती नंबर बाहेर देईल. तो नंबर आपल्या घडीला चिकटवायचा. आधी आत, मग बाहेर. उलटं नाही, आणि एकदमही नाही."

"म्हणजे आतलं आपल्या कमिटमध्ये नसणार?" मी विचारलं.

"असणार ना. नंबर असणार."

"पण नंबर म्हणजे शिरीन थोडीच आहे, सर."

"नंबर म्हणजे शिरीन कुठे सापडेल ते," सर म्हणाले आणि हजेरी घेऊ लागले.

मला ते पटलं नाही. एका खोलीत दुसरी खोली आहे, तर बाहेरच्या खोलीचं कमिट म्हणजे दोन्हीचं कमिट, हे साध्या माणसालाही कळतं. पोळीच्या आत पुरण असतं. आपण पोळी वाढतो, तेव्हा पुरणाचा नंबर वाढतो का? शिवाय ती चिठ्ठी! रोज चार पस्तीसला आतून एक बारीकसा पच् ऐकू यायचा आणि दाराखालून चिठ्ठी सरकत बाहेर यायची. ओली असायची, आणि गरम. मी ती दोन नखांत धरायचे. जिभेचा शेंडा धरल्यासारखं वाटायचं. घडीला लावली की चिकटवायला डिंकसुद्धा लागत नसे.

फेब्रुवारीत विज्ञान प्रदर्शन होतं. मी थर्माकोलचं गाव केलं: स्टँड, पाण्याची टाकी, ग्रामपंचायत, सगळं. त्या गावाच्या पोटात शिरीनचा प्रोग्राम बसणार होता. तो तिने आतल्या लॅबमध्ये लिहिला होता. एस.टी. स्टँडवर आली की एक दिवा, टाकी भरली की दुसरा. तिसरा दिवा काही केल्या लागत नव्हता. मी पाटी रंगवली: आमचं गाव. खाली माझं नाव, आणि 'सहकार्य' असं लिहून शिरीनचं.

बुधवारी मधल्या सुट्टीत ती बाहेर आली आणि पाटीसमोर उभी राहिली.

"सहकार्य खोड," ती म्हणाली.

"का? बारीक दिसतंय? मोठं करते."

"नाही. खोड. आतलं माझं आहे. माझ्या नावाने वेगळं मांडायचं. तुझ्या पाटीवर नुसता नंबर लिही."

आठ वर्षांत शिरीन मला पहिल्यांदा नाही म्हणाली होती, आणि ऐकायला सगळा वर्ग होता. तिच्या केसांना आतल्या लॅबचा वास येत होता. मी नाक धरलं, खरं म्हणजे मुद्दाम धरलं, आणि म्हटलं, "आधी अंघोळ कर, मग मांड." सगळ्या हसल्या. शिरीन हसली नाही. ती वाकून दारातून आत गेली.

त्या दिवशी हत्तुरे सर प्रशिक्षणाला गेले होते. कमिट मी घ्यायचं होतं. चार पस्तीस झाले, आतून पच् आला नाही. चार अडतीसला मी कडी वाजवली.

"थांब गं," आतून शिरीनचा आवाज आला. तोंड भरलेलं होतं. "कवठ खाते. माझं झालेलं नाही अजून."

"किती वेळ?"

"झालं की देते ना नंबर."

माझ्यामागे तीस मुली दप्तरं पाठीला लावून उभ्या होत्या. मी पट्टी उचलली. मला वाटलं, आजच दाखवून देऊ. मी इतक्या मोठ्याने "हलू नका" म्हणाले, की दोन्ही लॅबच्या खिडक्या वाजल्या. बाहेर साय धरली. मी गुडघ्यावर बसून उजवा हात खांद्यापर्यंत दारात घातला. आत हवा कोमट होती. बोटांना शिरीनचं कपाळ लागलं. तिथेही साय धरली होती, आमच्यापेक्षा पातळ. एका हाताने बाहेरची आणि दुसऱ्याने आतली कड धरली आणि ओढली.

निघाली की! दोन्ही एकदम. पच् न होता एक लांबलचक आवाज झाला, चिखलातून चप्पल ओढून काढल्यासारखा. भिजलेल्या वहीची पानं चिकटतात तशा दोन्ही सायी एकमेकींना चिकटल्या होत्या. टेबलाच्या सायीवर शिरीनचं नाक आलं होतं. मी एकच घडी केली आणि एकच नंबर लिहिला. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी जिना दोन दोन पायऱ्या उतरत गेले.

गुरुवारी आतून चावण्याचा आवाज येत होता.

मी वाकले. शिरीन खुर्चीवर बसली होती, डावा गाल फुगलेला, आणि चावत होती.

"काय खातेस सकाळी सकाळी?"

"कालचंच."

"मग गिळ की."

"गिळत नाहीये."

तिने ते तळहातावर थुंकून दाखवलं. कवठ आणि गूळ: तपकिरी, तारा सुटलेलं, मधे बिया, कडेला फेस. तिने हात झटकला. गोळा जमिनीवर पडला, जमिनीने तो शोषून घेतला आणि शिरीनचा गाल परत फुगला. परत चावायला लागली बिचारी. ईऽऽ!

सर आले, त्यांनी आवाज ऐकला आणि विचारलं, "आत हात कुणी घातला?"

कुणी चुगली करायच्या आधी मीच बोलले. "मी. पण सर, एकाच ओढीत निघालं. कुठेही फाटलं नाही."

सरांनी कपाटातून बुधवारची घडी काढली. ती फुगली होती आणि कडेने पाझरत होती. शिरीनचं नाक ज्या टेबलावर आलं होतं, तिथे सरांनी जरा वेळ बोट ठेवलं.

"तिचं झालं नव्हतं," ते म्हणाले.

"खातच तर होती सर."

"तेच. घास तोंडात असताना तू तो लिहून टाकलास. आणि तिच्या कपाटात तो लिहिलेलाच नाही. आता बाहेरचं कपाट म्हणतं बुधवार, आतलं म्हणतं मंगळवार. दोन्ही तिला धरून बसलीत. ती पुढे सरकायची नाही."

"मग?"

"मंगळवारची काढा सगळ्यांनी."

दोन दिवसांची शिळी साय कधी घातली आहे का? घालू नका. गार असते, आंबूस, पावसात न वाळलेल्या मोज्यांसारखी, आणि नाकपुड्यांच्या आत जाऊन बसते. तीस मुलींनी ती चढवली आणि तीस जणी मंगळवारच्या झाल्या. बुधवारच्या टाळ्या कुणाला आठवेनात. मी पण चढवली. पण माझ्या उजव्या हातावर ती बसेना. तो हात आत जाऊन आला होता. मनगटापासून खांद्यापर्यंत तो बुधवारचाच राहिला, आणि त्याच्यामुळे मला सगळं आठवत राहिलं. सर तर बुधवारी इथे नव्हतेच, त्यांना काही घालावं लागलं नाही.

मंगळवारच्या घडीवर शिरीनची मंगळवारची चिठ्ठी होती. सरांनी ती पाहिली. मग आम्ही दोघांनी दाराला कान लावला.

चावण्याचा आवाज येतच होता.

"आपण मागे गेलो, नंबर मागे गेला," सर म्हणाले. "खोली गेली नाही. खोली आपोआप जात नाही. कुणीतरी आत जाऊन, तिच्या कपाटातून तिची मंगळवारची साय काढून, तिच्या अंगावर चढवावी लागते."

"तुम्ही जा ना सर."

"मला दार होत नाही."

त्यांनी खांदा लावून दाखवला. दार त्यांच्या खांद्याभोवती आवळलं आणि ओठांसारखं मिटलं. सरांनी खांदा सोडवून रुमालाने पुसला.

"शनिवारी टेम्पो येईल," ते म्हणाले. "अकराच्या आधी व्हायला हवं. तशीच जिल्ह्याला गेली, तर जन्मभर चावत बसेल."

"मी जाते," मी म्हटलं. पण त्या दिवशी गेले नाही. शुक्रवारी डबासुद्धा उघडला नाही, आणि तरीही गेले नाही. माझा उजवा हात कवठासारखा वास मारत होता. शेजारच्या बाकावरून ऋचा म्हणाली, "ईश्वरे, तुझ्या हाताला काय मेलंय का?"

शुक्रवारी चार वाजता शिरीनची अम्मी शाळेच्या फाटकाशी आली. मी तिला लहानपणापासून चाची म्हणते. तिने पदराआडून चिठ्ठी काढली, शिरीनच्या नंबरची. परवापासून संध्याकाळी घडीवरून सुटून शिरीनच्या जागी घरी तीच जात होती, दप्तरात बसून.

"बेटा, ही दोन दिवस जेवलीच नाही," चाची म्हणाली. "भरवायला गेले तर नुसती तेलकट होते. आज वेणी घालायला घेतली, तर हा कोपरा फाटला बघ. आमच्या हिला काही बोललं का गं कुणी शाळेत?"

मी चिठ्ठी हातात घेतली. तिच्यावर कंगव्याच्या रेघा होत्या. शिरीनच्या अम्मीची नखं पिवळी झाली होती, हळदीने की काय कोण जाणे. मला चिठ्ठीचीही किळस आली आणि स्वतःचीही, पण माझ्या तोंडाला आता न मिटायची सवय लागली होती.

"उद्या सकाळी येईल ती," मी म्हटलं. "मी आणते."

"नक्की?"

"चाची, मी मॉनिटर आहे."

शनिवारी साडेदहाला मी स्कर्टची कड कमरेला घट्ट खोचली आणि दारात डोकं घातलं. दाराने मला चाटत आत घेतलं. दुसरा शब्द नाही त्याला. केस डोक्याला चिकटले, पापण्या पापण्यांना. आत मला सरळ उभं राहता येईना. फरशीवर पाय ठेवला की फरशी आत दबायची आणि पाय उचलला की त्या जागी लाळ जमायची. मी चार पायांवर शिरीनपर्यंत गेले.

तिचा गाल माझ्या मुठीएवढा झाला होता. ओठांच्या कोपऱ्यातून मुंग्यांची एक रांग निघून टेबलावर, तिथून कीबोर्डवर गेली होती. मुंग्या बिया घेऊन निघायच्या आणि अर्ध्या वाटेत रिकाम्या व्हायच्या. तरी शिरीन एका हाताने टाइप करत होती. स्क्रीनसमोर तीन छोटे दिवे होते. तिन्ही लागलेले.

"लागला तिसरा?" मी विचारलं.

"बुधवारी," ती म्हणाली. शब्द घासामागून येत होते, दाट होऊन. "मधली सुट्टी संपल्यावर. तुला सांगणार होते. म्हणून तर खात होते. खुशीत."

मी तिचं कपाट उघडलं. खरं सांगू, माझ्या कपाटापेक्षा नीट होतं. प्रत्येक घडीवर नंबर, आणि खाली तिच्या अक्षरात एकेक ओळ. पहिला दिवा लागला. दुसरा दिवा लागला पण लवकर विझतो. दुसरा आता विझत नाही. मंगळवारच्या घडीवर होतं: तिसरा लागत नाही, उद्या पुन्हा बघते. तिच्यावर दुसरी घडी नव्हती. आम्ही आमच्या घड्यांवर कधी ओळ लिहिली नव्हती.

मी मंगळवारची घडी उलगडली. शिरीनची साय लहान मुलाच्या झबल्याएवढी होती. मी ती दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरली.

"चल, डोकं घाल."

शिरीनने मान हलवली. गालातला गोळा डावीकडून उजवीकडे गेला.

"मंगळवारी गेले की तिसरा दिवा जाईल."

"पुन्हा लाव. तुला येतो ना आता?"

"मंगळवारच्या मला कुठे येतो?" ती म्हणाली. "आणि तुला मधल्या सुट्टीत बोलले, ते पण जाईल."

"ते गेलं तर काय बिघडतं?" मी लगेच म्हटलं. फार लगेच. तिने माझ्याकडे पाहिलं. एक मुंगी तिच्या खालच्या ओठावर थांबली होती.

"म्हणून हात घातलास?"

"अगं उशीर होत होता! तीस जणी थांबल्या होत्या!"

"ईश्वरे."

"हो," मी म्हटलं. "म्हणून."

बाहेरून सरांचा आवाज आला. या भिंतींतून तो पोटातल्या आवाजासारखा यायचा. "गाडेकर, सात मिनिटं." खाली टेम्पोने हॉर्न दिला.

"चाची फाटकाशी उभी आहे," मी म्हणाले. "चिठ्ठीचा कोपरा फाटला शिरीन, ती वेणी घालत होती. घाल ना गं ही. मी पाटीवरचं सहकार्य खोडते. आईशप्पथ खोडते. तुला आठवणार नाही, पण मी खोडते."

"मला आठवणार नसेल, तर तू खोडणार नाहीस."

साय माझ्या हातात लोंबत होती आणि तिच्या टोकांवरून पाणी ठिबकत होतं.

शिरीनने माझा उजवा हात मनगटाला धरला. त्याच्यावर अजून बुधवार होता, मी घरी तीन साबण संपवले तरी. तिने हात नाकाशी नेला, हुंगला.

"याच हाताने धरलास ना घास," ती म्हणाली. "मग काढ."

"काय?"

"मी थुंकले तर परत येतो. तू काढ."

मी दोन बोटं तिच्या तोंडात घातली. आत खूप गरम होतं. गोळा बोटांना चिकटला, तारा निघाल्या, दातांच्या मागून शेवटची बी सुटली. मी तो बाहेर काढला. शिरीनचा गाल खाली बसला आणि बसलेलाच राहिला. मी श्वास रोखून दहा मोजले. मग गोळा टेबलावर ठेवला. टेबल रिकामं झालं, गाल फुगला.

"ठेवू नकोस," ती म्हणाली. "परत काढ."

परत काढला.

"असा हातात धरून किती वेळ बसणार मी?"

"हात नाही. हातात ठेवून उपयोग नाही. कुणाच्या तरी तोंडात असायला पाहिजे तो."

"तीन मिनिटं," बाहेरून सर म्हणाले.

तळहातावर ते होतं. तीन दिवस चावलेलं. वरून काळपट, आतून पिवळं, फेसाला आता बुरशीचा वास. त्यात एक मुंगी पाय हलवत होती. मी डोळे मिटले नाहीत, मी कधीच मिटत नाही. तोंडात टाकलं.

कोमट. आधी गोड लागलं, तेच सगळ्यात घाणेरडं होतं. मग आंबट, मग शिरीनच्या तोंडाची चव, आठ वर्षं पाठीमागून ऐकलेल्या सगळ्या उत्तरांच्या वासाची. बिया दाढांखाली सरकायच्या आणि फुटायच्या नाहीत. मी गिळायला गेले. घसा वर आला, घास खाली गेला नाही, गालात जाऊन बसला. थोडा वेळ लागेल, मला वाटलं. अजून दोनदा चावलं की जाईल.

शिरीनने गिळलं. नुसती थुंकी, पण तीन दिवसांत पहिल्यांदा. तिने तोंड मोठं उघडून स्क्रीनच्या काचेत पाहिलं. जीभ गुलाबी आणि स्वच्छ होती. तिने हाताच्या पाठीने ओठांवरच्या मुंग्या पुसल्या, वेणी मागे टाकली आणि माझ्या हातातली मंगळवारची साय घेऊन, नीट घडी करून, कपाटात होती तिथे परत ठेवली. कोऱ्या कागदावर तिने नंबर लिहिला, आणि खाली एक ओळ. ती कुठली ते मला माझ्या जागेवरून वाचता येईना.

"अकरा वाजले," बाहेरून सर म्हणाले. "आधी आत."

टेम्पो सुरू झाला, इंजिन धडधडायला लागलं. शिरीनने ड्रॉवरमधून तिची पट्टी काढली. माझ्या पट्टीपेक्षा लहान, पण धार चांगली.

मी मान हलवली. बोटाने गाल दाखवला. थांब, माझं व्हायचंय अजून, एवढंच म्हणायचं होतं. ओठांतून नुसतं म् म् आलं आणि हनुवटीवर एक तार.

"हलू नकोस," शिरीन म्हणाली, मोठ्याने, आणि पट्टीची थंड कड माझ्या कपाळावर, केसांखाली, सरकली.